साखरेचं भांडं म्हणजे कॅनडा

अँकरेज,
९ सप्टेंबर

लाडकी नेदा,

तू आणि कॅलम खुशाल असाल. आम्ही दोघंही छान आहोत. तुझ्या बाबांची भूक चांगली आहे. माझा गुडघा कुरकुरतो, पण अजून ऐकतो. इथे रोज पाऊस आहे आणि काल डोंगरांच्या माथ्यावर पहिला बर्फ भुरभुरला.

पाकिटावरचा शिक्का बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील, म्हणून आधीच सांगते. सध्या आम्ही जहाजावर नाही. तुझ्या बाबांना पाण्याचा जरा कंटाळा आला होता, म्हणून अलास्कात व्हिटियर बंदराला उतरलो आणि थोडे दिवस जमिनीवर राहायचं ठरवलं. इथे एका बाईंनी मागच्या अंगणातली खोली दिली आहे. खोलीत चूल आहे! सगळा उन्हाळा मी चुलीला हात लावला नव्हता. पहिल्याच दिवशी कोबीच्या पानांत खिमा बांधून शिजवला. तुझे बाबा म्हणाले, "मीठ कमी आहे." मी मीठ दिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "टोन्का, मीठ कमी आहे." मी पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा मात्र मीठदाणीच उचलून ठेवली.

मीठदाणी हातात घेतली आणि अ‍ॅनाकॉर्टिसचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मीठदाणी म्हणजे सिएटल, मिरीदाणी म्हणजे सॅन डिएगो आणि साखरेचं भांडं म्हणजे कॅनडा. तू खुर्चीवर गुडघे टेकून बसायचीस, आणि बाबा चमच्यात वाटाणा ठेवून तुझ्यासमोर धरायचे. "हा चमचा परक्या झेंड्याचं जहाज, वाटाणा त्यातला प्रवासी. यानं वाटाणा मिठाकडून साखरेकडे नेला तर?" तू ओरडायचीस, "चालेल!" "साखरेकडून मिरीकडे?" "चालेल!" "मिठाकडून निघाला, साखरेला शिवून मिठाकडेच परत आला?" "चालेल!" "आणि मिठाकडून साखरेला शिवून मिरीकडे?" तू दोन्ही हातांनी चमचा पकडायचीस. "नाही चालणार! ते आपल्या जहाजाचं काम!" बाबा तो वाटाणा तुझ्या तोंडात टाकायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "ऐकलंस? मधे साखर चाटली म्हणून गुन्हा गोड होत नाही." दुसऱ्यांच्या मुली परीच्या गोष्टी ऐकत झोपायच्या, तू जहाजांचा कायदा ऐकत.

असो. अठरा तारखेला जहाज परत व्हिटियरला येईल. केबिन त्यांनी आमच्यासाठी तशीच ठेवली आहे. दाराच्या मुठीला मासेमारीच्या जुन्या जाळ्याचं लाल बूच बांधलंय ना, तेही तसंच असेल. मग व्हँकूवर, आणि तिथून जहाज हिवाळ्यासाठी खाली लॉस एंजेलिसला जाईल. आम्हीही जाणार. पुढे मेक्सिकोच्या फेऱ्या आहेत. सगळ्या सफरी मी एकाला एक जोडून घेतल्यात, म्हणजे मधे सामान बांधायला नको. घर वसंतापर्यंत भाड्यानं दिलंय, तेव्हा तसंही जायचं कुठे!

व्हँकूवरला जहाज दर वेळी दिवसभर थांबतं. मी वरच्या डेकवर उभी राहून दक्षिणेकडे बघते. तुझं स्टीव्हस्टन तिथून दिसत नाही, मला ठाऊक आहे.

अक्षर वाकडंतिकडं आलंय. टेबलाचा पाय आखूड आहे.

तुझी,
आई

&nbsp;

जुनो, जहाजावरून
२१ सप्टेंबर

लाडकी नेदा,

तुझं कार्ड अँकरेजच्या बाईंकडे आम्ही निघायच्या आदल्या दिवशी पोहोचलं. स्टीव्हस्टनच्या धक्क्यावर या वर्षी मासा कमी, कॅलमची पाठ बरी, वाटाड्यांना मोठ्या जहाजांवर पोहोचवणारी तुझी पायलट बोट दुरुस्तीला. सगळं वाचलं. शेवटी तू लिहिलं आहेस, "आई, बाबा पाण्याला कधीपासून कंटाळायला लागले?" या प्रश्नाचं उत्तर पुढे देईन. आधी इथली बातमी.

आम्ही ठरल्याप्रमाणे व्हिटियरला चढलो. केबिन मिळाली, बूच दारावर होतं. बाबांनी ते सोडून पुन्हा स्वतःच्या हातानं बांधलं, रोजच्यासारखं. गाठ इतकी देखणी बसली की सफाईवाला मुलगा थबकून बघत राहिला.

पण काल सकाळी इनेसनं मला कचेरीत बोलावलं. इनेस पोर्तुगालची आहे, प्रवाशांच्या कागदपत्रांचं काम बघते. गोड मुलगी आहे. वाईट बातमी द्यायची असली की आधी कॉफी विचारते. काल तिनं कॉफी विचारली, मी नको म्हटलं.

म्हणाली, "मावशी, तुम्हाला व्हँकूवरला उतरावं लागेल. पुढे लॉस एंजेलिसपर्यंत आम्ही तुम्हाला नेऊ शकत नाही."

मी म्हटलं, "अगं, तिकिटं आहेत ना आमच्याकडे. व्हिटियर ते व्हँकूवरचं वेगळं, व्हँकूवर ते लॉस एंजेलिसचं वेगळं."

"दोन्ही तिकिटं सुटी बघितली तर शुद्ध आहेत. एकापाठोपाठ ठेवली की बेकायदेशीर. माणूस कुठे चढला आणि शेवटी कुठे उतरला, एवढंच कायदा बघतो. चढलात अलास्कात, उतरणार कॅलिफोर्नियात. दोन्ही अमेरिकेची बंदरं, आणि आमचं जहाज परक्या झेंड्याचं."

"पण आम्ही मे महिन्यात व्हँकूवरला चढलो होतो! तेव्हा तूच म्हणाली होतीस, सगळं नीट आहे."

"तेव्हा नीटच होतं. कॅनडातून निघून कुठेही उतरलात तरी चाललं असतं. पण मधे तुम्ही व्हिटियरला जहाज सोडलंत. तो प्रवास तिथे संपला. आताचा व्हिटियरपासून नव्यानं सुरू झाला."

मी मग म्हटलं, व्हँकूवरला सकाळी उतरते, पाय मोकळे करते, संध्याकाळी पुन्हा चढते. ती म्हणाली, जहाज तेच असलं की प्रवासही तोच. दुसऱ्या जहाजानं गेलो तर चालेल, पण या मोसमातलं खाली जाणारं आमचंच शेवटचं. नाहीतर विमानानं लॉस एंजेलिसला यायचं आणि तिथून आपल्या केबिनमध्ये. "विमानाचं मी बघते ना, मावशी," म्हणाली.

हे सगळं बोलणं चाललं असताना तुझे बाबा माझ्या शेजारीच बसले होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष खिडकीकडे आहे. एकदम त्यांनी हात पुढे केला आणि इनेसच्या टेबलावरची साखरेची पुडी उचलून मधोमध ठेवली. तिचा स्टेपलर एका बाजूला, टेपची गुंडाळी दुसऱ्या बाजूला. कॉफी ढवळायची काडी जहाज झाली. नेदा, गेल्या कित्येक महिन्यांत इतका स्वच्छ आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"इकडे बघ, पोरी. हे अलास्का. हे कॅलिफोर्निया. मधे कॅनडा. माणसं लांबच्या परदेशी बंदराला शिवून आली असती तर गोष्ट वेगळी होती, पण कॅनडा जवळचा. जवळचा धरत नाहीत. अठराशे शहाऐंशीचा कायदा आहे. आमच्या खलाशांच्या युनियननं त्याला नखाएवढा ओरखडा पडू दिला नाही. तू बरोबर सांगते आहेस."

इनेस म्हणाली, "तेच तर, काका. म्हणूनच वाईट वाटतंय."

"वाईट कशाला वाटायचं? कायदा तो कायदा. कोण आहेत ही माणसं?"

इनेसनं माझ्याकडे बघितलं. मी साखरेच्या पुडीकडे.

बाबा म्हणाले, "म्हातारी असतील तर हात धरून उतरवा. पण उतरवा."

मग मला म्हणाले, "टोन्का, जेवायचं कुठे आहे?" आणि उठून कपाटाचं दार उघडलं.

पुढचं उद्या लिहीन. त्यांना उन्हात बसवायचं आहे.

तुझी,
आई

&nbsp;

केचिकन, जहाजावरून
२३ सप्टेंबर

नेदा,

वरचं पत्र मी जुनोला जहाजावरच्या टपालपेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं. स्वतःला सांगितलं की पोस्टानं ते आमच्यानंतर पोहोचेल. ते खरंच आहे. पण परत आणायचं कारण ते नव्हतं.

शाळेत सिस्टर बेनिग्ना आम्हाला पत्रलेखन शिकवायची. आधी तब्येत, मग हवामान, मग आठवणी; वाचणाऱ्याच्या जिवाला पहिल्या पानावर घोर लावायचा नाही; आणि काही मागायचं असेल तर अगदी शेवटी, एका वाक्यात. तिच्या शिकवणीनं मी तुला इतकी वर्षं पत्रं लिहिली. पहिलं पान इतकं लांबवलं की दुसरं कधी आलंच नाही.

तू कार्डावर विचारलंस ते बरोबर विचारलंस. तुझे बाबा पाण्याला कंटाळले नाहीत. ते हरवले होते.

व्हिटियरला जुने प्रवासी उतरतात, नवे चढतात, धक्क्यावर सामानाचा डोंगर असतो. मी फक्त औषधाच्या दुकानापुरता त्यांचा हात सोडला. वळून बघते तर नाहीत. समोर अँकरेजची आगगाडी उभी होती. ती सुटली, आणि त्यांच्यासारखीच निळी टोपी आत बसलेली मला खिडकीतून दिसली. त्यांचीच होती. मी गाडीमागे धावले, नेदा. गुडघ्याचं तेव्हापासून आहे ते. तिकीट तपासणाऱ्याला त्यांनी सांगितलं की माझी पाळी आहे, फेरीबोट माझ्यासाठी खोळंबलीय. त्यानं बिचाऱ्यानं जागा दिली. अँकरेजला उतरून ते पाण्याच्या दिशेनं चालत गेले. ओहोटी होती. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेले पोलिसांना सापडले, थंडीनं काळेनिळे. मग दवाखाना. जहाज निघून गेलं. अंगणातली खोली खरी होती, चूल खरी होती, कोबीही खरा. बाकी मी जे लिहिलं ते सिस्टर बेनिग्नाचं पहिलं पान होतं.

आजाराची सुरुवात अ‍ॅनाकॉर्टिसलाच झाली. उजाडायच्या आत कपडे करून फेरीच्या धक्क्यावर जाऊन उभे राहायचे. तिथली पोरं त्यांना ओळखतात. "कॅप्टन, आज तुम्हाला सुट्टी आहे," म्हणून घरी आणून सोडायची. मग एकदा चुलीवर रिकामी किटली लाल झाली. मग एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, आपण कुणाच्या?" डॉक्टरांनी सुचवलेली, अशा विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना ठेवायची जागा मी बघून आले. स्वच्छ होती. दारांना आकड्यांची कुलपं होती. घरी येताना गाडी रस्त्याच्या कडेला लावून मी रडले.

मग मला जहाज सुचलं. फार हुशारी केली असं वाटलं होतं! पायाखाली हलती जमीन, ती त्यांच्या अंगात भिनलेली. चारी बाजूंना कठडा. जेवण वेळेवर, डॉक्टर खालच्या मजल्यावर, आणि कुठेही गेले तरी जहाजातच. खरंच पहिले काही आठवडे ते खुलले. अमुक बंदराला लोकांची सफर संपते, आमची संपत नाही. लोक बॅगा ओढत उतरतात, नवे लोक बॅगा ओढत चढतात, आणि आम्ही दोघं तिथेच, त्याच दोन खुर्च्यांवर. मला उतरून येणं जमेना, कारण त्यांना एकटं कसं ठेवू? त्यांना घेऊन उतरायचं तर व्हिटियर झालं. केबिनमध्ये मी दाराला टेकून अंथरूण घालते, म्हणजे दार उघडलं की मला कळावं. सगळ्यांना वाटतं, काय नशीबवान म्हातारी आहे, घरदार सोडून सफरी करते. जेवणाच्या टेबलावर एक बाई म्हणाली, "तुम्हाला काय, ना स्वयंपाक, ना धुणं!" मी हसले. कुंपण मीच शोधून काढलं होतं. मात्र त्यात मीही आत असणार, एवढं डोक्यात आलं नाही.

आता तुला जे सांगायचं ते.

काल मी एकटीच इनेसकडे गेले. बाबा गाणी ऐकत बसले होते, सफाईवाला मुलगा लक्ष ठेवून होता. इनेस म्हणाली, "मावशी, मी वर विचारलं. तुम्ही व्हिटियरला नाइलाजानं उतरला असाल, म्हणजे आजारपण वगैरे, तर दवाखान्याचे कागद द्या. कंपनी अर्ज करून बघेल. मूळचं चढणं व्हँकूवरचं धरलं तर तुम्ही सरळ लॉस एंजेलिसपर्यंत जाऊ शकाल. खात्री देत नाही, पण होईल असं वाटतं. आहेत का कागद?"

कागद माझ्या पर्समध्ये होते. पर्स मांडीवर होती. तिच्या कडीवर माझं बोट होतं.

मी म्हटलं, "नाही गं. काही कागद नाहीत. आम्ही आपले सहज उतरलो."

तिनं माझ्या मांडीवरच्या पर्सकडे बघितलं. पोर हुशार आहे. मग म्हणाली, "बरं. मग व्हँकूवरला उतरायचं नक्की करते." आणि पुन्हा कॉफी विचारली. या वेळी मी घेतली.

नेदा, साऱ्या उन्हाळ्यात कुणी मला "उतर" म्हटलं नव्हतं. मी स्वतःला म्हणू शकत नव्हते. त्यांचं बूच, त्यांची केबिन, त्यांची शांत झोप हे सगळं मी कुठल्या तोंडानं मोडणार होते? आणि मग त्यांच्याच कायद्यानं म्हटलं. ज्या कायद्यासाठी ते भर पावसात फलक धरून उभे राहिले, आणि ज्याच्यापायी त्यांनी तुला गमावलं.

त्या नाताळच्या आदल्या संध्याकाळचं मी कधी लिहिलं नाही. आज लिहिते. सुक्या माशाचं कालवण टेबलावर होतं. तू थेट सिएटलच्या धक्क्यावरून आलीस, अंगात पांढरा गणवेश, खांद्यावर नवी पट्टी. किती सुंदर दिसत होतीस! आणि ते म्हणाले, "परक्या झेंड्याचे कपडे घालून या टेबलाशी बसायचं नाही." तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या बोटींवर मला कुणी घेतलं असतं का? किती वर्षं अर्ज केले मी?" ते म्हणाले, "मग घरी बसायचं होतंस." तू खुर्ची आत सरकवलीस, अगदी नीट, आवाज न करता, आणि गेलीस. मी दारापर्यंत आले. पुढे नाही आले. तुझ्या लग्नालाही मी एकटी येऊ शकले असते.

ते तुझ्यावर रागावलेले नाहीत आता. ही चांगली बातमी म्हणून सांगत नाही. ते विसरलेत. रोज संध्याकाळी विचारतात, "नेदाची पाळी कधी संपते? तिचं ताट झाकून ठेवलंस ना?" मी म्हणते, ठेवलंय. तू मात्र काहीच विसरली नसशील, आणि विसरावंस असं माझं म्हणणं नाही. तुला त्यांच्याकडून माफी हवी असेल तर ती त्यांच्यापाशी उरलेली नाही. कुठेतरी होती, असं मला वाटतं. गणवेशातला तुझा फोटो मी कपाटात चादरींखाली लपवून ठेवला होता. एकदा बघितलं तर त्याची चौकट पुसलेली होती. मी पुसली नव्हती. पण हे तुझ्या हातात ठेवायला फार थोडं आहे, हे मला कळतं.

इनेस या पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे. तिला आपली भाषा वाचता येत नाही, म्हणून निर्धास्त लिहिलं. व्हँकूवरहून जहाज संध्याकाळी आमच्याशिवाय निघेल. विमानाला मी नाही म्हटलंय. अँकरेजच्या दवाखान्याच्या गाडीत त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडायला घेतलं होतं, विमानात मी त्यांना कशी धरू? हॉटेलच्या खोलीत त्यांना घेऊन एकटीनं रात्र काढायची माझ्यात ताकद नाही.

तुझ्या घरात किती खोल्या आहेत मला ठाऊक नाही. कॅलम काय म्हणेल तेही नाही. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही, आणि तुझी आई म्हणून माझं काही कमी होणार नाही.

आता एका वाक्यात. पंचवीस तारखेला धक्क्यावर ये.

तुझी,
आई

&nbsp;

व्हँकूवर, धक्क्यावर
२५ सप्टेंबर

नेदा,

ही चिठ्ठी तू भेटलीस की तुझ्या हातात देईन, कारण काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलता येणार नाहीत.

तुझा इंग्रजीतला निरोप इनेसनं वाचून दाखवला. मी विचारलं, "एवढाच?" ती म्हणाली, "एवढाच. 'पाच वाजेपर्यंत बोटीवर आहे. नंतर येते.'" मी तिला तो पुन्हा वाचायला लावला. "येते" असंच लिहिलंय ना? हो, म्हणाली, "येते".

म्हणून आम्ही इथे पांढऱ्या शिडांसारख्या छपराखाली बसलो आहोत, बॅगांवर. सकाळी उतरताना त्यांनी गडबड केली. बूच सोडायला तयार नव्हते. शेवटी इनेस आली, त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "कॅप्टन, ही गाठ तुम्हीच सोडायची. दुसऱ्या कुणाला येत नाही." मग सोडली. बूच आता त्यांच्या कोटाच्या खिशात आहे. तो फुगलेला खिसा बघून तुला हसू आलं तर हस, ते चालेल.

तुला माहीत असावं म्हणून लिहिते. झोपताना दाराला आतून काहीतरी टेकवावं लागतं. गरम पाण्याचा नळ त्यांना कळत नाही. तुला ओळखतील की नाही सांगता येत नाही. ओळखलं तर घट्ट धरतील, घाबरू नकोस. दवाखान्याचे कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत, डॉक्टरला लागतील. आणि तू एकाच रात्रीसाठी ठेवून घेतलंस तरी त्यानंतर मी त्या जहाजावर जाणार नाही. कुठे जाईन ते अजून कळलेलं नाही. इथे जमिनीवरही दारं आहेत आणि त्यांना कुलपं लागतील, हे मला समजतं. फक्त आजची रात्र दाराशी तू झोप, नेदा. मला भिंतीकडे तोंड करून झोपायचंय.

आत्ता जहाजाचा भोंगा झाला. तुझे बाबा उठून उभे राहिले. दोर सुटताना बघून त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की पेन खाली पडलं.

"टोन्का, ते निघालं. आपण मागे राहिलो."

"राहू दे."

"माझी पाळी आहे त्याच्यावर!"

"तुझी पाळी संपली, विन्को."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जहाज हळूहळू मागे सरत होतं. आमच्या केबिनची खिडकी कुठली ते मी ओळखलं. त्यांनी नाही.

"संपली? मग माझ्या जागी कोण आलं?"

ते पुन्हा बसले, बूच खिशातून काढलं, त्याचा दोर बॅगेच्या कडीत ओवला. एकीकडे मी हे लिहिते आहे. धक्क्याच्या त्या टोकाला नारिंगी जाकिटात कुणीतरी भरभर चालत येतंय, पाय जरा फाकवून, होडीतून नुकतं उतरलेलं माणूस चालतं तसं. माझी नजर अधू झालीय. पण त्यांनी माझ्याआधी बघितलं. गाठ अर्धी टाकून हात थांबला.

"ही बघ," ते म्हणताहेत. "हिची चाल बघ. कुठल्या जहाजावरची गं ही?"

"आपल्याच," मी म्हटलं.

आता पेन ठेवते.

उतरलेली,
तुझी आई